सर-मॅडम आपल्याला कोण समजतात? (आणि ते आपल्याला कशावरून कळतं?)

शेवटचा बाक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं या मंचावर वाचनमात्र आहे, धागा (नवी चर्चा) पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला आलो. आल्या आल्या एका सरांनी विचारलं, "डिप्लोमावाले कोण कोण? उभे राहा." राहिलो. "बसा. एम-थ्रीला तुमचं काय होतं ते बघूच." (एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर.) आता यात तथ्य नाही असं नाही. बाकीच्यांचं पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू झालेलं असतं, आमचं नसतं. त्यामुळे एम-थ्री आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या उरावर बसतं. पण ते एका विषयापुरतं. पुढे वर्कशॉपमध्ये लेथवर आम्ही हात बसलेले आणि बाकीचे टूल कुठून धरायचं ते शोधत असतानाही आम्ही 'डिप्लोमावाले'च राहिलो.

ओरलला मला पहिला प्रश्न आला, "डिप्लोमा का?" हो म्हटल्यावर सर पुढचं पान उलटून मोकळे. माझी आणि पार्टनरची फाइल सारखीच, रीडिंग तर एकाच टेबलावर बसून घेतलेली. त्याला टर्मवर्कला (सत्रभराच्या कामाचे मार्क) २५ पैकी २२, मला १५.

तर प्रश्न असा: तुमच्या कॉलेजात शिक्षकांचा तुमच्याबद्दल काय ग्रह होता, आणि तो तुम्हाला कशावरून कळायचा? तोंडावर बोलायचे, की मार्कांतून दाखवायचे? की हे सगळं आपल्याच मनाचे खेळ असतात?

चहाटळ

बाक शेवटचा, धागा पहिला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अनुस्वार

आमच्या वेळी (नव्वदचं दशक) ग्रह कळायचा तो लाल पेन्सिलीतून.

ड्रॉइंगच्या शीट आम्ही जीटी मारायचो. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, ग्लास ट्रेसिंग. हॉस्टेलवर खिडकीची काच दोन खुर्च्यांवर आडवी, खाली दिवा, काचेवर मूळ शीट आणि तिच्यावर आपली कोरी. वर्गातला एकच सज्जन डोकं लावून मूळ शीट काढायचा, बाकी अख्खी बॅच तिच्यावरून गिरवायची. सबमिशनला त्या सज्जनाच्या शीटवर सरांनी लाल पेन्सिलीनं 'रिपीट' लिहिलं, आणि त्याच्यावरूनच गिरवलेली माझी शीट पास! का, तर तो एकदा तासाला "सर, ते व्ह्यू उलटं झालंय" असं म्हणाला होता. फळ्यावरचं व्ह्यू खरंच उलटं होतं.

त्यामुळे, शेवटचा बाक, मनाचे खेळ वगैरे काही नाही. १५ आणि २२ मध्ये डिप्लोमाच आहे.

जास्वंदी

अनुस्वार, शीटचा किस्सा भारी.

पण धाग्याचा सूर एकतर्फी होतोय. मी पुण्यात कला शाखेला होते. इतिहासाच्या सरांना शंभरावर मुलांची नावं पाठ असायची, नुसती नावं नाहीत, कोण कुठून येतं तेसुद्धा. एकदा एसटीचा संप होता. तेव्हा त्यांनी हजेरी घेण्याआधी "खेड आणि मंचरची मंडळी आज येणार नाहीत, त्यांना गैरहजर मांडत नाही" असं वर्गात सांगितलं. मी मंचरची नव्हते, तरी मला ते आजही आठवतं.

त्याच कॉलेजात दुसरे एक सर होते, ते "ए निळा शर्ट, उठ" म्हणायचे. तीन वर्षं. मुलगी असेल तर "ती मागची". विषयाचा त्यांचा अभ्यास पहिल्या सरांपेक्षा जास्त होता, हे आता कळतं. तेव्हा कुणालाच कळलं नाही, कारण त्यांच्या तासाला कुणी बसायचंच नाही.

रंकाळ्याचा वारा

आमच्याकडं सर लोक शिव्या घालून शिकवायचे आणि गॅदरिंगला आमच्याबरोबर लेझीम खेळायचे. "गाढवा, चार वर्षं झाली, अजून शिअर फोर्स डायग्राम येईना व्हय रं तुला?" असं म्हणायचे, आणि केटी लागली (विषय राहिला) की घरी बोलवून शिकवायचे, वर जेवायला घालून पाठवायचे. त्यांचं काय वाईट वाटलं नाही कधी. राग यायचा तो गोड बोलणाऱ्यांचा. गोड बोलणाऱ्यानं डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव घातलेलं बोर्डावरच दिसायचं.

तासिकावाला

इतका वेळ गप्प होतो, पण आता पलीकडची बाजू मांडतो. जरा लांबण लागेल.

मी सीएचबीवर शिकवतो, म्हणजे तासिका तत्त्वावर. सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेली आहे, पीएच.डी. होत आलीये. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, तेही महिनोन् महिने अडकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. दर जूनला पुन्हा मुलाखत, पुन्हा नवी ऑर्डर. दोन कॉलेजं धरल्याशिवाय घर चालत नाही. मध्ये बत्तीस किलोमीटर आहेत आणि एकच एसटी वेळेवर असते.

आता हे विद्यार्थ्याला कसं दिसतं? "सर तास संपला की पळतात. शंका विचारायला थांबत नाहीत. आपल्यात त्यांना रस नाही." फीडबॅकमध्ये मला हे शब्दशः आलं होतं. थांबलो तर एसटी जाते, हे फीडबॅकच्या फॉर्मात लिहायला जागा नसते.

आणखी एक. पोरांना पहिल्या आठवड्यातच समजतं, कोण परमनंट आणि कोण सीएचबी. स्टाफरूममध्ये कुणाला कपाट आहे, शिपाई कुणाला चहा आधी देतो, एचओडी (विभागप्रमुख) कुणाला नुसत्या नावानं हाक मारतात, सगळं टिपतात. मग "सर, तुमच्या हातात इंटर्नलचे मार्क आहेत का हो?" असं हसत हसत विचारतात. ग्रह दोन्हीकडून असतो, मंडळी.

शेवटचा बाक, तुझ्या सरांची बाजू घेत नाही. पण तंत्रशिक्षणात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आधी एकास पंधरा होतं, 2018 पासून एकास वीस झालं. 2024-25 पासून चांगल्या म्हणवणाऱ्या संस्थांना प्रवेशसंख्येची वरची मर्यादाही उरली नाही. कॉम्प्युटरला तुकड्यांवर तुकड्या निघाल्यात. ओरलला एका दुपारी पन्नास पोरं समोरून सरकतात. तेव्हा डोकं आपोआप खुणा शोधतं: डिप्लोमावाला, शेवटच्या बाकावरचा, मॉनिटर, केटीवाला. हे योग्य नाही, पण असं होतं.

वऱ्हाडी ठेचा

तासिकावाले सर, तुमच्या एसटीवरून आठवलं.

मी बारावीपर्यंत मराठीत शिकलो, जिल्हा परिषदेची शाळा अन् मग तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज. बी.एस्सी.ले गेलो तं पहिल्या तासाले काहीच समजलं नाही बाप्पा. मॅडम इंग्रजीत भराभर बोलल्या अन् शेवटी म्हणाल्या, "एनी डाउट्स?" सारे चूप. मॅडमनं धरलं का पोरायले समजलं. आमी धरलं का मॅडमले आमची पर्वा नाही. सालभर दोघंबी आपापल्या समजुतीत खुश.

केमिस्ट्री शिकवली ती आमच्या लॅब असिस्टंटनं. टायट्रेशन करताना मी बर्न्याट्याचा नळ सोडून द्याचो अन् फ्लास्कातलं पाणी भडक गुलाबी व्हाचं. तो मांगून येऊन हात धरे. "अबे, थेंब थेंब. गुलाबी आला अन् उडाला तं आनखी एक थेंब. आला अन् टिकला, मंग थांब. अन् भडक आला तं पुढं गेलास, पुन्हा कर." तो बारावी पास होता. मॅडम पीएच.डी. होत्या. माणूस म्हणून मॅडमबी चांगल्याच होत्या, हे नंतर त्यायच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायले गेलो तवा समजलं. तीन सालात बोललोच नव्हतो.

चहाटळ

ठेचासाहेब, "बर्न्याट्या" मनापासून आवडला. ब्युरेटला यापुढे तेच नाव.

कडुनिंब

मूळ प्रश्न: कशावरून कळायचा? माझं उत्तर: नोटीस बोर्डावरून.

पहिल्या वर्षी एका मॅडम माझी वही वर्गाला दाखवायच्या. "हेडिंग असं लिहा, आकृती अशी काढा." दिवाळीनंतर शिष्यवृत्तीची यादी लागली. नाव, रोल नंबर आणि त्यापुढे प्रवर्ग. वर यादी वर्गात मोठ्यानं वाचलीसुद्धा, "हे सगळे ऑफिसात जाऊन या." त्या आठवड्यापासून वही दाखवणं बंद. मॅडम वाईट बोलल्या का? अजिबात नाही. काहीच बोलल्या नाहीत. उलट एकदा सहानुभूतीनं म्हणाल्या, "तुला काय, चाळीस मिळाले तरी चालेल." मला त्या विषयात अठ्ठ्याहत्तर होते.

आता अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरतात. पण कागदपत्रांत त्रुटी असलेल्यांची यादी माझ्या भाच्याच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येते. पुन्हा प्रवर्गासकट.

सरळमार्गी

प्रत्येक धाग्यात हा विषय आणायलाच हवा का? इथे शिक्षकांच्या वागणुकीबद्दल चाललंय. मॅडमनी वही दाखवणं बंद केलं याची शंभर कारणं असू शकतात.

कडुनिंब

असू शकतात. आणि नेमकं तेच सिद्ध करता येत नाही म्हणून ते इतकी वर्षं चालतं. डिप्लोमावाल्याला २५ पैकी १५ पडले तेव्हा शंभर कारणं तुम्हाला नाही सुचली. धागाकर्त्याला "हो, तुझ्यावर अन्यायच झाला" असं सगळे म्हणाले. माझ्याच वेळी पुरावा लागतो.

सरळमार्गी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक

वैयक्तिक होऊ नये ही विनंती. काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. चर्चा विषयावर ठेवावी. कडुनिंब यांचा प्रतिसाद विषयाला धरूनच आहे, त्याबद्दल आलेल्या तक्रारी फेटाळल्या आहेत.

ऱ्हाइनकाठी

कडुनिंब, वाचून वाईट वाटलं. आणि माझ्या मनात बरेच दिवस असलेली गोष्ट लिहावीशी वाटली.

मी जर्मनीत मास्टर्स करते. इथे शिक्षक प्रेमळ वगैरे असतात असा कुणाचा गैरसमज नको. प्रोफेसर आडनावानंच ओळखतात, तेही ओळखलं तर. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, दंगल होणार. भेटायचं तर ठरलेल्या वेळीच. आधी ईमेल करायचा आणि त्यात पदवी चुकली तर उत्तर थंडगार येतं.

पण दोन गोष्टी फार आवडल्या. एक, निकाल नावानं लागत नाही, विद्यार्थी क्रमांकानं लागतो. शेजारच्याला किती पडले ते त्यानं सांगितलं तरच कळतं. दुसरी, निकालानंतर एक दिवस ठरतो, त्या दिवशी जाऊन तुम्ही स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघू शकता. त्याला क्लाउसुरआइनझिश्ट म्हणतात. एका खोलीत बसवतात, तपासणारे असिस्टंट समोर असतात आणि "इथे दोन गुण का गेले?" हे तोंडावर विचारता येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. आपल्याला मार्कांबद्दल विचारणं म्हणजे सरांचा अपमान, हेच डोक्यात. असिस्टंटनं बघितलं, म्हणाला, "हो, हे पान माझ्याकडून राहिलं", आणि गुण वाढवले. पुढच्या सेमिस्टरला त्याचा माझ्यावर काही राग नव्हता. हे माझ्यासाठी नवीन होतं.

अनुस्वार

आपल्याकडेही लेखी पेपरची झेरॉक्स मागवता येते की. पैसे भरा, फोटोकॉपी घ्या, फेरतपासणीला टाका.

शेवटचा बाक

हो, पण लेखीला. लेखी पेपर कॉलेजबाहेर तपासतात, नावही दिसत नाही. तिथे मला कधी तक्रार करावीशी वाटली नाही. टर्मवर्क, ओरल, प्रॅक्टिकल यांना ना झेरॉक्स ना फेरतपासणी. ज्या मार्कांत सरांना माझा चेहरा दिसतो, त्याच मार्कांवर मला काही विचारता येत नाही.

तासिकावाला

हे बरोबर पकडलंस. आमच्या स्टाफरूममध्ये हे कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. पोरगं उद्धट वागलं तर कुणी त्याचा लेखी पेपर कमी तपासत नाही, कारण तो हातात येतच नाही. "सबमिशनला ये तू" एवढंच म्हणतात.

चहाटळ

नावं झाकली म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही हं. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्कॅन करून ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. निकाल इतके रखडले की शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तटस्थपणे सगळ्यांचाच निकाल लांबला. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

स्टेथो

मेडिकलवाले कुठायत? मीच लिहितो.

वॉर्ड राउंडला पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, सिस्टरसमोर झापणं ही आमच्याकडे शिकवण्याची पद्धतच मानतात. "याला साधी लिव्हर हाताला लागत नाही, हा उद्या तुमचं ऑपरेशन करणार." पेशंट घाबरून आमच्याकडे बघतो. गंमत म्हणजे 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद यांचं वेगळं मॉड्यूल आहे, एटकॉम. एका सरांनी आम्हाला "पेशंटचा सन्मान राखून कसं बोलावं" यावर सुंदर तास घेतला आणि शेवटी उशिरा आलेल्या मुलीला सगळ्यांसमोर रडवलं. ती नाइट ड्यूटीवरून आली होती.

पण रंकाळ्याच्या वाऱ्याशी थोडा सहमत. झापणाऱ्यांतले काही जण रात्री दोनला फोन उचलतात, काही उचलत नाहीत. आम्ही ओरडण्यावरून नाही, त्यावरून ठरवतो.

अर्धवेळ आई

मी सीनिअर कॉलेजात शिकवते, परमनंट. (तासिकावाला, कपाट आहे मला. पण किल्ली नाही.)

विद्यार्थ्यांच्या नजरेबद्दल एक निरीक्षण. मी वेळेवर दार लावते, उशीर झाला तर आत घेत नाही. माझे सहकारीही अगदी तेच करतात. फीडबॅकमध्ये ते "शिस्तप्रिय" आणि मी "खडूस". 2015 मध्ये अमेरिकेतला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ऑनलाइन वर्ग, शिक्षक दिसत नाही. एका बाईनं आणि एका पुरुषानं प्रत्येकी दोन गट शिकवले, एका गटाला स्वतःची खरी ओळख सांगून आणि दुसऱ्याला एकमेकांची. विद्यार्थ्यांनी 'पुरुष' समजलेल्या शिक्षकाला जास्त गुण दिले, खरं कोण शिकवत होतं ते काहीही असो. तेव्हा विद्यार्थ्याला जे 'वाटतं' तेही थोडं तपासून घ्यायला हवं.

आणि नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन)! त्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं, वीस प्रश्न आणि एक मोकळा. इंटर्नल मूल्यमापन निःपक्षपाती होतं का, हा प्रश्न त्यात आहे. सर्वेक्षणाचा ईमेल थेट विद्यार्थ्यांना जातो. मग ईमेल यायच्या आधी एका कॉलेजात (माझ्या नव्हे, ऐकीव) मुलांना हॉलमध्ये बसवून 'मार्गदर्शन' झालं, कुठल्या वर्तुळावर टिचकी मारायची त्याचं.

जास्वंदी

"किल्ली नाही" :))

पण अर्धवेळ आई, खडूस म्हटलं म्हणून तुम्ही कुणाचं टर्मवर्क कापू शकता. मुलं तुमचं काय कापणार? दोन्ही ग्रह एका मापानं नको मोजायला.

अर्धवेळ आई

मान्य. म्हणूनच मी इंटर्नलचे मार्क अंतिम करायच्या आधी वर्गात वाचून दाखवते, कशाचे किती ते फोडून: हजेरी, फाइल, तोंडी. कुणाला हरकत असेल तर त्या आठवड्यात सांगा. पहिल्या वर्षी कुणी बोललं नाही. आता भांडायला रांग लागते. डोकं उठतं, पण बरं आहे.

नियमावली

शेवटचा बाक, उपयोगाचं सांगतो. युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम 2023 मध्ये नव्यानं आले. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्यात किमान एक सदस्य किंवा अध्यक्ष महिला हवी आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी प्रवर्गातून. समितीनं शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. मूल्यमापनात पारदर्शकता नसणं ही तक्रार त्यात बसते. पण "मार्क वाढवा" म्हणून जाऊ नकोस. मार्क कुठल्या निकषावर दिले ते सांगा, असं लेखी विचार. लोकपाल परीक्षक होऊन तुझी फाइल पुन्हा तपासणार नाही.

कडुनिंब, तुमच्या भाच्याच्या यादीसाठी वेगळा रस्ता आहे. 2012 पासून कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावाविरोधी अधिकारी असायला हवा. व्हॉट्सअॅपवरच्या यादीचा स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा.

कडुनिंब

धन्यवाद. त्यानं काढून ठेवलाय. "मामा, तक्रार केली तर पुढच्या सेमला त्याच मॅडम आहेत" म्हणतो.

रंकाळ्याचा वारा

हेच तर. समिती कागदावर आणि मॅडम वर्गात.

नियमावली

म्हणून एकट्यानं करू नये. वर्गातल्या आठ-दहा जणांच्या सह्या घ्या, आणि मागणी यादीतून प्रवर्गाचा रकाना काढा एवढीच ठेवा. कुणाचं नाव घ्यायचंच नाही. एवढं ऑफिस गुपचूप करून टाकतं, अनुभव आहे.

ऱ्हाइनकाठी

रच्याकने (जाता जाता), शेवटचा बाक, त्या सरांना कधी एकट्यानं भेटलायस का?

शेवटचा बाक

भेटलो. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून परवा गेलो. मार्क वाढवून मागितले नाहीत, फक्त "फाइलमध्ये काय कमी पडलं ते सांगाल का" एवढंच विचारलं. सरांनी फाइल काढायला लावली, चाळली आणि म्हणाले, "कॅल्क्युलेशनची पानं कुठंयत?" होती, मागच्या बाजूला. "हं. नीट लावत जा." झालं. १५ चे १५ आहेत.

मग उठता उठता त्यांनी विचारलं, "लेथवर थ्रेड कटिंग तूच करत होतास ना त्या दिवशी? ज्युनिअर्सच्या बॅचला दाखवशील का शनिवारी? टेक्निशियन रजेवर आहे." आता जाऊ की नको?

अनुस्वार

जा. आणि पोरांना फाइलची पानं कशी लावायची तेही सांग.

वऱ्हाडी ठेचा

जाय रे भाऊ. पोरायले मराठीतून सांगजो.

तासिकावाला

जा, पण फुकट नको. वर्कशॉप असिस्टन्सचं प्रमाणपत्र सरांच्या सहीनं मागून घे, प्लेसमेंटच्या फाइलला लागतं.

सरळमार्गी

माझी मुलगी यंदा डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला जातेय. एम-थ्रीचं काय करायचं? जूनआधी तयारी करता येईल का?

शेवटचा बाक

काका, येईल. इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स आधी पक्की करायला सांगा, लाप्लास त्यानंतर. माझ्या नोट्स आहेत, स्कॅन करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. अक्षर घाण आहे, पण गणितं बरोबर आहेत.